बडोद्याचे अकरा दिवस

परदेशी शिकून मायदेशी परतलेल्या माणसाविषयी आपल्या समाजाच्या मनात एक ठरीव चित्र असते. स्वागताला जमलेले आप्तेष्ट, गळ्यातील हार, वर्तमानपत्रात छापून आलेले छायाचित्र आणि मग त्या पदवीच्या बळावर एकामागून एक उघडत जाणारी दारे. या माणसाने आपल्याबरोबर काय आणले, याची चौकशी सारेच करतात. परतल्यावर त्याला येथे काय आढळले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक दूरदेशी गेलेल्या माणसाचे खरे शिक्षण पुष्कळदा परतल्यानंतरच सुरू होते. ज्या घराला तो जन्मापासून ओळखत होता, त्या घराचे स्वरूप त्याला दुरून परतल्यावरच नीट दिसू लागते. या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२४ हा कालखंड विशेष अभ्यासण्यासारखा आहे. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, घटनेचे शिल्पकार म्हणून केलेले कार्य आणि धर्मांतर यांच्या प्रखर प्रकाशात ही सात वर्षे काहीशी झाकोळून गेली आहेत. परंतु पुढील साऱ्या कार्याची बीजे याच वर्षांत पडली, आणि ती ग्रंथालयात नव्हे, तर परतीच्या वाटेवर पडली.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी भीमराव आंबेडकर मुंबईत परतले, तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी मिळविली होती आणि पीएच.डी.साठी प्रबंधही लिहून दिला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा पुढील अभ्यास सुरू झाला होता आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नावही दाखल झाले होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील एका तरुणाने अर्थशास्त्रात एवढी मजल मारावी, ही त्या काळी अपूर्व घटना होती.

या तरुणाचा मागील प्रवास आपल्याला सामान्यपणे ठाऊक असतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. बालपणीचे काही दिवस साताऱ्यात गेले. तेथील १९०१ मधील एक प्रसंग मात्र या लेखाच्या संदर्भात मुद्दाम आठवला पाहिजे. वडील त्या वेळी खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावरील एका तलावाच्या बांधकामावर रोखपाल होते. त्यांच्या भेटीसाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. मुलांचा पोशाख नीटनेटका असल्याने स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. जात कळताच मात्र त्यांचा चेहरा पालटला. मुलांना कोणी गाडीवान नेईना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडी मिळाली. पण अट अशी, की बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने विटाळ टाळण्यासाठी बाजूने चालावे. वाटेत तहान लागली तेव्हा नाक्यावरील माणसाकडे पाणी मागताना आपण मुसलमान आहो असे सांगण्याचा सल्ला गाडीवानाने दिला. मुलांनी तसे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. बरोबर अन्न होते, पण घशाखाली उतरविण्यास पाणी नव्हते, म्हणून मुले उपाशीच झोपली. दुसऱ्याच्या ओळखीचा आडोसा घेऊन एक मूलभूत गरज भागवावयाची, आणि तीही भागू नये, हा अनुभव वयाच्या दहाव्या वर्षी त्यांच्या वाट्यास आला होता.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये याच महाराजांनी त्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, असा रीतसर करार झाला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही एक गुंतवणूक होती. संस्थानाने एका बुद्धिमान तरुणावर पैसा खर्च करावयाचा आणि त्याच्या ज्ञानाचा लाभ पुढे दशकभर घ्यावयाचा. हिशेब सरळ होता. त्यात न धरलेली एकच रक्कम होती, आणि तिनेच पुढे सारा ताळेबंद कोलमडला.

कोलंबियातील तीन वर्षे भीमरावांनी अक्षरशः ग्रंथालयात काढली. सार्वजनिक आयव्ययाचे अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. जात ही त्या वेळी त्यांच्यापुढे अभ्यासाचा विषय म्हणून उभी होती. ज्या शहरात खानावळीत बसताना, खोली भाड्याने घेताना, वर्गात बाकावर जागा घेताना कोणी जात विचारीत नव्हते, त्या शहरात बसून ते जातीची चिकित्सा करीत होते. पुढे आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी नमूद करून ठेवले आहे, की परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. परदेशगमनाने त्यांना दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होती, आणि परतल्यावर सर्वांत आधी हिरावून घेतली गेली तीही हीच.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. अपुरा अभ्यास पुढे चार वर्षांच्या आत पूर्ण करण्याची सवलत लंडन विद्यापीठाकडून मिळाली, एवढाच काय तो दिलासा. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते, ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि मोठ्या कष्टाने जमविलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. ज्याचे उभे आयुष्य ग्रंथांवर पोसले गेले, त्याच्या परतीची सुरुवात या हानीने व्हावी, हा दैवदुर्विलासच होता. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी जी रक्कम आली, ती त्यांना बडोद्यास जाण्याच्या खर्चासाठी उपयोगी पडली.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. जाताना त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो राज्यकारभाराचा किंवा चलनविषयक धोरणाचा नव्हता. राहावयाचे कोठे, हा तो प्रश्न होता. हिंदू खानावळीत जात लपविल्यावाचून प्रवेश नाही आणि लपविलेली जात उघडकीस आल्यावर शोभा होणार, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. व्यवस्थापकाला उतारूची गरज होती, त्यांना निवाऱ्याची; तेव्हा नोंदवहीत पारशी नाव घालून राहण्याची तडजोड झाली. वरच्या मजल्यावरील मोडक्या सामानाने भरलेल्या, अंधाऱ्या आणि निर्मनुष्य जागेत ते एकटे राहू लागले. दिवसा संस्थानच्या अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारी करावयाची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वाचीत बसावयाचे, असा क्रम चालला. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता; त्याचा निर्णय होत नव्हता. कचेरीत चपराशी कागदपत्रे हातात न देता दुरून टाकीत.

अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले. धर्मशाळा बाटविल्याबद्दल त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. भीमरावांनी आठवड्याची मुदत मागितली. ती मिळाली नाही. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले, की त्यांना घरात घेतले तर नोकरचाकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीचा सल्ला घ्यावा लागेल असे म्हटले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातील होते; धर्म बदलला तरी सोवळेओवळे घराबाहेर गेले नव्हते. दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. दहा वर्षांच्या सेवेचा करार प्रत्यक्षात दहाअकरा दिवसांपुढे फारसा सरकलाच नाही.

या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा केवळ करुणरसाने केले जाते. तथापि त्यातून त्या तरुणाच्या हाती जे निष्कर्ष लागले, ते करुणेपेक्षा अधिक मोलाचे आहेत. पहिला निष्कर्ष असा, की अस्पृश्यता ही एका धर्माच्या पोथ्यांपुरती राहिलेली नाही. जो हिंदूंना अस्पृश्य, तो पारशांनाही अस्पृश्य आणि धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबालाही अस्पृश्य, हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. ज्या रोगाचे मूळ धर्मग्रंथांत असे आपण समजतो, तो सामाजिक सवयीच्या रूपाने साऱ्या वस्तीत पसरलेला असतो. दुसरा निष्कर्ष राज्यसंस्थेविषयीचा. सयाजीराव महाराजांच्या हेतूविषयी शंका घेण्यास तिळमात्र जागा नाही. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेले कार्य त्या काळात अग्रगण्य होते. परंतु राजाचा उदार हुकूम आणि चपराशाचा हात यांच्या दरम्यान जी यंत्रणा उभी असते, तिचे मन जुनेच राहिले तर हुकूम कागदावर राहतो. वरच्याच्या सद्भावनेवर विसंबून हक्क मिळत नाहीत, हा धडा येथे मिळाला. तिसरा निष्कर्ष सर्वांत कटू होता. विद्या माणसाला मोठी करते, पण ज्या बाजारात ती चालवावयाची, त्या बाजाराने ती स्वीकारली पाहिजे. एखाद्या देशाचे नाणे कितीही शुद्ध असले तरी दुसऱ्या देशाच्या पेढीने ते घेण्याचे नाकारले तर त्याचे मोल धातूएवढेच उरते. न्यूयॉर्क आणि लंडन येथे खणखणीत ठरलेले नाणे बडोद्यात वटले नाही.

मुंबईस परतल्यावर उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. परंतु सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पैशाला जात नसते असे म्हणण्याचा प्रघात आहे. पैशाचा सल्ला देणाऱ्याला मात्र जात असते, हे या अनुभवाने दाखवून दिले. पाठ्यपुस्तकातील अर्थशास्त्र असे गृहीत धरते, की श्रमिक जेथे अधिक मोल मिळेल तेथे जातो आणि विकत घेणारा गुण पाहून घेतो. हे गृहीतक ज्या समाजात लागू पडत नाही, त्या समाजाचे अर्थशास्त्र नव्याने मांडले पाहिजे, याची जाणीव त्यांना कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर या बंद पडलेल्या धंद्यातून झाली असली पाहिजे.

विशेष म्हणजे याच विवंचनेच्या दिवसांत त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. तो १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या बडोद्यातून त्यांना निघावे लागले होते, त्याच संस्थानच्या तुकडेजोड समितीच्या अहवालाची चिकित्सा या निबंधात आहे; पण त्यात कटुतेचा लवलेशही नाही. शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्याची, हे प्रचलित मत त्यांनी अमान्य केले. जमिनीचा तुकडा स्वतःहून किफायतशीर वा बिनकिफायतशीर नसतो. त्याच्या जोडीला भांडवल आणि श्रम किती प्रमाणात आहेत, यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. खरा रोग जमिनीच्या आकाराचा नसून जमिनीवर पडलेल्या अतिरिक्त माणसांच्या भाराचा आहे. या माणसांच्या श्रमाला अन्यत्र काम मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी उद्योगीकरण हवे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील अर्ध्या शतकात विकासाच्या अर्थशास्त्राने छुप्या बेकारीविषयी जी चर्चा केली, तिच्याशी या विचाराचे नाते सहज ओळखू येते. काम करण्याची शक्ती असून काम नाही, ही अवस्था त्या निबंधाच्या लेखकाला पुस्तकाबाहेरही माहीत होती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची दरमहा ४५० रुपये पगारावर नेमणूक झाली. प्रारंभी विद्यार्थी या नव्या प्राध्यापकाकडे काहीशा उपेक्षेने पाहत होते. लवकरच त्यांच्या व्याख्यानांची ख्याती पसरली आणि अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊन बसू लागले. तथापि प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. मसूरच्या वाटेवर न मिळालेले पाणी सिडनहॅमच्या खोलीतही सुखासुखी मिळाले नाही. फरक एवढाच, की आता नकार देणारी माणसे पदवीधर होती. शिक्षणाने अस्पृश्याची अस्पृश्यता जात नाही, हे बडोद्यात कळले होते. शिक्षणाने स्पृश्याचा स्पृश्यपणाही आपोआप जात नाही, हे येथे कळले.

या काळात त्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. एका बाजूस ते सार्वजनिक जीवनात उतरले. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले आणि मार्चमध्ये माणगाव येथे परिषद भरली. दुसऱ्या बाजूस परळच्या चाळीत काटकसरीने राहून, घरखर्चाला नेमकी रक्कम देऊन ते पैसे साठवीत होते, कारण लंडनचा अपुरा अभ्यास पूर्ण करावयाचा होता. या काटकसरीची खरी झळ रमाबाईंना पोचली, याची नोंद झाली पाहिजे. थोरांच्या शिक्षणाचा खर्च मांडताना शिष्यवृत्तीची रक्कम मांडली जाते. घरात मागे राहिलेल्या स्त्रीने सोसलेली उणीव कोणत्याही हिशेबवहीत येत नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या आधारे जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले लोक पारशी होते आणि अडचणीत पैसा देणारा मित्रही पारशी होता. माणसांना जमातींच्या गठ्ठ्यांत बांधून तोलता येत नाही, हेही त्यांच्या अनुभवाचेच एक अंग होते.

लंडनमध्ये १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२२ साली बॅरिस्टरी पूर्ण झाली. डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. सुवर्ण विनिमय परिमाणाचा पुरस्कार करणाऱ्या जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाशी त्यांनी त्यात मतभेद मांडला. या व्यवस्थेत रुपये पाडण्यावर नैसर्गिक बंधन राहत नाही. म्हणून चलनाच्या निर्मितीवर निश्चित मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. रुपयाचे मोल घसरले की व्यापार वाढतो असे म्हणणाऱ्यांना त्यांनी निराळा प्रश्न विचारला. लाभ होतो खरा, पण तो कोणाच्या खिशातून? किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही; म्हणजे हा लाभ श्रमिकांच्या उत्पन्नातून कापून घेतलेला असतो. ब्रिटिश धोरणावरील परखड टीकेमुळे प्रबंधात फेरफार करण्यास सांगण्यात आले. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथून सुधारित प्रबंध पाठविला आणि वर्षअखेर पदवी मिळाली. हा ग्रंथ प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह डिसेंबर १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाला. पुढे १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. याच आयोगाच्या शिफारशींतून पुढे रिझर्व्ह बँक उभी राहिली. ती केवळ आंबेडकरांनी स्थापिली असे अलीकडे उत्साहाने म्हटले जाते, ते अतिशयोक्त आहे. त्यांची थोरवी सिद्ध करण्यास अशा कुबड्यांची आवश्यकता नाही.

१९२३ ची परत १९१७ च्या परतीहून सर्वस्वी निराळी होती. पहिल्या वेळी परतलेला तरुण करारबद्ध होता. कोणीतरी नेमून दिलेल्या खुर्चीवर जाऊन बसावयाचे होते आणि ती खुर्ची आपल्याला सन्मानाने दिली जाईल असा त्याचा विश्वास होता. दुसऱ्या वेळी परतलेल्या माणसाने अशी कोणतीच अपेक्षा बाळगली नाही. त्याने वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला, कारण त्यात वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नव्हते. प्राप्ती तुटपुंजी होती. तिला जोड म्हणून १९२५ पासून त्यांनी एका खासगी हिशेबनीस प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. एवढ्या पदव्या मिळविलेला माणूस परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होता आणि दामोदर हॉलमधील कार्यालयात गिरणी कामगारांची गाऱ्हाणी ऐकत होता. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये, शिक्षणप्रसार आणि आर्थिक स्थितीची सुधारणा ही तिची उद्दिष्टे होती. त्यांत वसतिगृहाला मिळालेले स्थान योगायोगाचे वाटत नाही. ज्याला एका शहरात रात्रीपुरता निवारा मिळाला नाही, त्याने संस्था उभारताना आधी विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा विचार करावा, हे स्वाभाविकच होते.

पुढील विचारांतही या धड्यांच्या खुणा दिसतात. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक म्हणत. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले, की ती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे. ती माणसाला आवडीचे व कुवतीचे काम निवडू देत नाही आणि म्हणून ती बेकारीचेही एक कारण ठरते. महार वतनाविषयीचे १९२८ मधील विधेयक आणि खोती नष्ट करण्यासाठी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयक यांमागेही हीच दृष्टी होती. माणसाला जन्माने चिकटलेले काम आणि जन्माने चिकटलेली जमीनदारी या दोहोंतून अर्थव्यवस्था मोकळी झाल्याखेरीज केवळ शिक्षणाने फार काही साधणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही अनुभवाची शाळा संपली नव्हती. १९२९ साली ते चाळीसगाव येथे उतरले. तेथील टांगेवाल्यांना टांगा भाड्याने देण्यास हरकत नव्हती. पण अस्पृश्याला बसवून स्वतः टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. वस्तीतील मंडळींनी आपल्यातीलच एका माणसाच्या हाती लगाम दिला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांग्याचे चाक अडकले, घोडा नदीत कोसळला आणि फरशीवर फेकल्या गेलेल्या डॉक्टर आंबेडकरांचा पाय मोडला. १९०१ साली मसूरच्या गाडीवानाने घातलेली अट आणि १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्याने घातलेली अट अगदी एकच होती. मधल्या अठ्ठावीस वर्षांत मसूरचा मुलगा एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर झाला होता, मुंबई कायदेमंडळाचा सभासद झाला होता. बदलला होता तो एकटाच. रस्ता तोच राहिला होता.

हे सारे अनुभव त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात नोंदविले. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. १९९० साली ते पुस्तिकारूपाने प्रकाशात आले. त्याची भाषा विलक्षण संयमित आहे. आक्रोश नाही, शापवाणी नाही. जणू एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने पाहणीचा अहवाल लिहावा तशी घटनांची नोंद आहे. एवढेच, की या पाहणीचे क्षेत्र त्याचे स्वतःचे आयुष्य होते.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट करण्यात आली. वंचित समाजातील मुलामुलींना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळतात. लंडनमधील ज्या घरात विद्यार्थी आंबेडकर राहिले होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. बडोद्याच्या त्या बागेतील जागाही आता संकल्पभूमी म्हणून वंदनीय मानली जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु स्मारकापुढे हात जोडणे सोपे असते, कारण स्मारक आपल्याकडे खोली भाड्याने मागत नाही.

प्रश्न आहे तो यापुढचा. शिष्यवृत्ती देऊन समाजाचे कर्तव्य संपते, या समजुतीत सयाजीरावांच्या बडोद्याने जी चूक केली, ती आपण आजही करीत असतो. विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाची तरतूद होते. तो परतल्यावर त्याने कोठे राहावे, कोणत्या खोलीत कोणाच्या शेजारी बसावे, कोणाच्या भांड्यातून पाणी प्यावे, याची तरतूद अंदाजपत्रकात होऊ शकत नाही. ती घराघरांतच व्हावी लागते. घर दाखविताना आधी आडनाव विचारले जाते, ही गोष्ट आपल्या शहरांत कोणास अपरिचित आहे? त्या बारीकशा चौकशीत बडोद्याच्या धर्मशाळेचा जिना दडलेला असतो, आणि तो चढून येणाऱ्यांच्या हातांत आज काठ्या नसल्या तरी उत्तर तेच असू शकते.

बडोद्याच्या दोन मित्रांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. एकाला नोकर जातील याची भीती होती, दुसऱ्याला पत्नीची परवानगी हवी होती. अशा साध्या, सभ्य आणि समजण्याजोग्या अडचणींमुळेच त्या दिवशी देशातील एक असामान्य अर्थशास्त्रज्ञ पाच तास बागेत बसून राहिला. परदेशाहून परतणाऱ्याची परीक्षा तिकडच्या विद्यापीठाने आधीच घेतलेली असते. तो दारात उभा राहतो तेव्हा परीक्षा घरातल्यांची असते. १९१७ साली त्या परीक्षेत कोण अनुत्तीर्ण झाले, हे आपण जाणतो. आपल्या दाराशी उद्या कोणी उभा राहील, तेव्हा निकाल काय लागेल, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.